चागोसचं ‘हस्तांतरण’ की ‘सुपूर्तता’? आणि ‘प्रादेशिक पाठिंबा’

टाकबोरू
हिंदी महासागरातल्या, ब्रिटनकडच्या चागोस बेटांवरचा एक लेख मराठीत करतोय. बेटं आपल्याला मिळावीत म्हणून मॉरिशसने आफ्रिकी देशांना, भारताला कसं आपल्या बाजूला वळवलं, असा विषय. मी लिहिलं ‘हस्तांतरणासाठी प्रादेशिक पाठिंबा’. तपासणाऱ्या बाईंनी समासात शेरा मारलाय: ‘प्रादेशिक म्हणजे कोणते पक्ष?’ शिवाय हस्तांतरण खोडून ‘सुपूर्तता’ केलंय. काय ठेवू?

शेंडेफळ
पहिल्या शेऱ्याबद्दल बाईंना पूर्ण गुण. आपल्याकडे प्रादेशिक म्हटलं की पक्ष, नाहीतर परिवहन कार्यालय. सरळ ‘शेजारी देशांचा पाठिंबा’ लिहा. सुपूर्तता मात्र कुठून काढली? शब्द सुपूर्द, तोही फारसी. ‘ता’ लावला म्हणून संस्कृत होत नाही.

टाकबोरू
शेजारी कसं लिहू? मे २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला, त्यात ११६ देश मॉरिशसच्या बाजूने, ६ विरुद्ध, ५६ तटस्थ. त्या सहांत ब्रिटन-अमेरिकेबरोबर मालदीव! नकाशात चागोसच्या डोक्यावर तोच बसलाय. त्याला आपल्या समुद्रहद्दीची काळजी. उलट २०१७ साली प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा ठराव आफ्रिकी गटातर्फे कोणी मांडला, तर काँगोने. त्याचा किनारा अटलांटिकला.

आगाऊ
मग ‘भावकीचा पाठिंबा’ करा. सख्खा आडवा येतो, लांबचा धावून येतो. अर्थ चोख बसतो.

निवृत्त कारकून
विनोद पुरे. हस्तांतरण ठीक आहे, पण कशाचं ते लिहा. ‘ताबा’ तर अजिबात नको. २२ मे २०२५ ला सह्या झालेल्या करारात दिएगो गार्सियासकट (लष्करी तळ असलेलं बेट) सगळ्या चागोसवर सार्वभौमत्व मॉरिशसचं, आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षं ब्रिटनच्या हाताखाली, वर्षाला पैसे मोजून. करारानुसार सातबाऱ्यावर भोगवटादार मॉरिशस, ‘इतर हक्क’मध्ये ब्रिटन, आणि प्रत्यक्ष वहिवाट अमेरिकी विमानांची. पाँडिचेरीचं नेमकं उलट झालं होतं. फ्रेंचांकडून कारभार १९५४ ला भारताच्या हाती आला, कायदेशीर हस्तांतरण १९६२ ला.

शुद्धमती
ताबा, कब्जा, हवाली, सुपूर्द, सगळे बाहेरचे. हस्तांतरण हाच एक स्वच्छ शब्द आहे, तो सोडू नका.

शेंडेफळ
स्वच्छ? तो दस्तावरचा शब्द आहे, बोलतो कोण? घराची किल्ली ‘हवाली’ करतात, कोणी हस्तांतरित करत नाही. आणि अरबी म्हणून हवाली टाकायची तर हवालदारालाही घरी बसवा.

माजघर
तुम्ही सगळे ब्रिटनच्या बाजूने शब्द शोधताय. मॉरिशसचं म्हणणं असं की १९६५ साली, स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी, ही बेटं आमच्यापासून तोडली. न्यायालयाचं २०१९ चं मतही त्याच अंगाने गेलं. त्यांच्या लेखी हे ‘परत मिळणं’ आहे. आणि ज्यांना तिथून उठवून मॉरिशस-सेशेल्सला नेऊन टाकलं, ते चागोसवासी म्हणतात आम्हाला कोणी विचारलंच नाही. त्यांच्यासाठी कुठला शब्द?

टाकबोरू
मुद्दा पटला, पण शीर्षकाला जागा चारच शब्दांची आहे हो.

शुद्धमती
जाता जाता. पाठिंबा म्हणजे ‘पाठीशी थांबा’. आमच्या गुरुजींनी सांगितलेली व्युत्पत्ती.

आगाऊ
मग अचंबा म्हणजे ‘अचानक थांबा’?

शुद्धमती
टवाळी करण्याआधी कोश उघडावा.

निवृत्त कारकून
उघडलाय. ‘पाठ’ वरून एवढंच पटतं. पुढच्या ‘इंबा’चं काय करायचं, ते सांगा आधी.