लेहहून आलेले दोन किलो जर्दाळू कसे वापरावेत?

प्रश्न : गोदाकाठची गृहिणी (पंचवटी, नाशिक)

सर्वांना नमस्कार. माझे धाकटे दीर मागच्या आठवड्यात लेहहून परतले आणि येताना दोन किलो वाळवलेले जर्दाळू घेऊन आले. आमच्या घरी आजवर जर्दाळू म्हणजे रविवार कारंज्याजवळच्या सुकामेव्याच्या दुकानातून दिवाळीला आणलेले पाव किलो, तेही बिनबियांचे, गुबगुबीत आणि केशरी रंगाचे. हे मात्र अगदी वेगळे दिसतात. आकाराने सुपारीपेक्षा थोडे मोठे, तपकिरी, सुरकुतलेले आणि दगडासारखे कडक असून प्रत्येकात बी आहे. एक फळ तोंडात धरून पाहिले, तर पहिली दोन मिनिटे काहीच चव लागली नाही आणि नंतर हळूहळू मधासारखा, किंचित आंबूस गोडवा सुटत गेला. तो इतका आवडला, की हे फळ केवळ सुकामेव्याच्या वाटीत ठेवून संपवू नये असे वाटू लागले.

माझे प्रश्न असे आहेत. हे जर्दाळू आणि बाजारातले केशरी जर्दाळू यांच्यात नेमका फरक काय? लहानपणी आजोळी आम्ही पाट्यावर बत्त्याने जर्दाळूच्या बिया फोडून आतला ‘बदाम’ खात असू. तो मुलांना द्यावा का? गोडाखेरीज जेवणात त्यांचा उपयोग करता येतो का? शिवाय जूनमध्ये गंगापूर रोडवर एका फळवाल्याकडे ताजे जर्दाळू मिळाले होते, ते फारच आंबट निघाले. माझी निवड चुकली की ते फळच तसे असते? सासरे निफाडचे असल्यामुळे त्यांचाही एक प्रश्न आहे, की आपल्याकडच्या थंडीत याचे झाड येईल का. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : सिंधूकाठ (नाशिक रोड)

ताई, तुमच्या हाती फार चांगली वस्तू आली आहे. यजमान लष्करात असल्यामुळे मी तीन वर्षे लेहला राहिले आणि त्या तीन वर्षांत जर्दाळूकडे पाहण्याची माझी दृष्टी पूर्ण बदलली, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

लडाखात जर्दाळूला ‘चुली’ म्हणतात. लेहच्या खाली सिंधूच्या काठाने जाणारा शाम भाग, धा आणि हनू ही गावे, नुब्रा खोऱ्यातले तुर्तुक आणि कारगिलचा परिसर ही तिथली जर्दाळूची घरे होत. एप्रिलमध्ये डोंगर अजून उघडेबोडके असतात आणि तेव्हाच ही झाडे पानांच्या आधी फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात. फळे जुलै-ऑगस्टमध्ये उतरतात आणि मग प्रत्येक घराच्या सपाट धाब्यावर जर्दाळू पसरलेले दिसतात. तुमच्याकडे आले आहेत ते बहुधा ‘फाटिंग’ असावेत, म्हणजे गोड मगजाच्या (बीच्या आतल्या ‘बदामा’च्या) जातीचे, बीसकट अख्खे वाळवलेले फळ. ‘हलमान’ या मोठ्या फळाच्या जातीतली बी काढून ते वाळवतात, तर ‘राक्तसे कारपो’ ही पांढऱ्या बीची जात मुख्यतः ताजी खाण्यासाठी नावाजलेली आहे. तिचे नावच मुळी ‘पांढरी बी’ असे आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

फाटिंगचा पहिला नियम म्हणजे घाई करायची नाही. पाव किलो जर्दाळू दोन पाण्यांनी स्वच्छ धुऊन, बुडून वर चार बोटे राहील इतक्या पाण्यात रात्रभर भिजत घालावेत. सकाळी फळ फुगून जवळजवळ मूळ आकाराचे होते, साल ताणली जाते आणि पाण्याला फिकट चहासारखा रंग येतो. ते पाणी कृपया ओतून देऊ नका. लडाखात आमच्या घरमालकीणबाई ते पाणी भिजलेल्या फळांसह वाडग्यात घालून पाहुण्यांपुढे ठेवत असत आणि प्रवासातून थकून आलेल्या माणसाला त्याहून चांगले काही देता येत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. एकादशीला मी आजही तेच करते.

याच भिजवलेल्या फळांपासून हैदराबादचा ‘खुबानी का मीठा’ होतो. बिया काढून गर त्याच पाण्यात मंद आचेवर अर्धा तास शिजू द्यावा, अधूनमधून पळीने चेपत राहावे, मात्र त्याची अगदी पेस्ट करू नये. काही फोडी हाताला लागल्या पाहिजेत. साखर सर्वांत शेवटी आणि चाखूनच घालावी. गर तकतकीत दिसू लागला आणि पळीच्या मागे वाट राहू लागली, की उतरवावा. गोड असल्याची खात्री करून घेतलेले मगज सोलून वर पेरतात आणि थंड झाल्यावर घट्ट साय घालून वाढतात. आपल्याकडे सुधारस वाढतो तसा मी तो पुरीबरोबरही वाढते आणि पाहुण्यांना ते फार आवडते.

गोडाखेरीज विचाराल, तर आमटीत चिंच-गुळाऐवजी तीन-चार भिजवलेले जर्दाळू कुस्करून घालून पाहा. आंबट आणि गोड ही दोन्ही कामे ते एकटेच करतात. आले, सुकी लाल मिरची, थोडा गूळ आणि मीठ घालून शिजवलेली जर्दाळूची चटणी थालीपिठाबरोबर उत्तम लागते.

उत्तर : द्राक्षबागाईतदार (निफाड)

केशरी आणि तपकिरी जर्दाळूतला फरक द्राक्षवाल्याला पटकन उमगतो, कारण तोच प्रकार आमच्या बेदाण्यात आहे. शेडमध्ये जाळीवर टाकलेल्या मण्यांचा रंग पिवळसर आणि एकसारखा राहावा यासाठी त्यांना गंधकाची धुरी देतात. जर्दाळूलाही हीच धुरी मिळाली की कापलेल्या फळाचा गर काळवंडत नाही आणि केशरी रंग टिकून राहतो. धुरी न देता उन्हात वाळवले तर फळ तपकिरी होते. तुर्कस्तानातला मालात्या हा भाग वाळवलेल्या जर्दाळूंसाठी जगभर प्रसिद्ध आहे आणि आपल्या दुकानांत दिसणारा मऊ केशरी माल बराचसा त्याच देशातून येतो. तो वाईट असतो असे मी म्हणणार नाही. केकमध्ये, पुलावात किंवा नुसता खाण्यासाठी तो सोयीचा आहे. पण चव विचाराल तर उन्हात वाळलेल्या तपकिरी फळात जो खोल, गुळासारखा गोडवा असतो, तो केशरी फळात येत नाही. ज्यांना दम्याचा त्रास आहे, त्यांनी मात्र धुरी दिलेला माल जपून खावा, कारण काहींना गंधकाच्या अंशाने त्रास वाढतो.

आता झाडाबद्दल. तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न मलाही एकेकाळी पडला होता. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले निफाडचे किमान तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते आणि कधी कधी ते राज्यात सर्वांत कमी असते, त्यामुळे आपल्याकडे थंड हवेची फळे येतील असे वाटणे साहजिक आहे. परंतु जर्दाळूच्या झाडाला एका रात्रीचा कडाका पुरत नाही. जातीनुसार साधारण ३०० ते ९०० तास, तेही ७ अंश सेल्सिअसच्या खालचे, मिळाल्याखेरीज त्याची कळी झोपेतून नीट जागी होत नाही. आपल्याकडे पहाटे ५ अंश असले तरी दुपारी २५ अंशांच्या वर जाते आणि डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या पहाटे मिळून तेवढे तास भरत नाहीत. झाड कदाचित जगेल, पाने येतील, पण फळांचा भरवसा नाही. मी स्वतः बांधावर दोन रोपे लावली होती. चार वर्षे झाली तरी फूल दिसले नाही, म्हणून अखेर त्या जागी सीताफळ लावले.

उत्तर : औषधशास्त्राची विद्यार्थिनी

बियांविषयी थोडे लिहिते, कारण मुलांचा उल्लेख आला आहे. कडू मगजात ॲमिग्डॅलिन नावाचे द्रव्य असते आणि ते चावल्यावर व पचताना त्यातून सायनाइड सुटते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये असे स्पष्ट केले, की प्रौढ व्यक्तीने एका वेळी तीनपेक्षा जास्त लहान कच्चे कडू मगज खाल्ले तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते आणि अगदी लहान मुलांसाठी एक लहान मगजही जास्त ठरू शकतो. गोड जातीच्या मगजात हे द्रव्य फारच कमी असते. मात्र गोड आणि कडू बिया बाहेरून सारख्याच दिसतात. त्यामुळे मुलांच्या हाती बत्ता आणि बियांची वाटी देऊ नये. मोठ्यांनी मगजाचा अगदी छोटा कण चाखावा आणि किंचितही कडू लागला तर तो थुंकून मगज फेकून द्यावा. घरात कोणाला मधुमेह असल्यास हेही ध्यानात असू द्यावे, की वाळवलेल्या जर्दाळूच्या वजनात निम्म्याहून थोडी अधिक साखरच असते.

उत्तर : देवळाली कॅम्प

जेवणातल्या उपयोगाविषयी विचारले आहे म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. देवळालीत आमच्या शेजारी एक पारशी मावशी राहत असत आणि त्यांच्याकडचे जर्दाळू घातलेले मटण खाऊनच मी लहानाची मोठी झाले. पारशी स्वयंपाकात ‘जर्दालू सली बोटी’ ही मानाची गोष्ट आहे. मटण कांदा, आले-लसूण, लाल मिरची, दालचिनी आणि टोमॅटोत मंद आचेवर शिजवतात. भिजवलेले जर्दाळू मटण जवळजवळ शिजत आल्यावरच सोडतात, म्हणजे ते फुटत नाहीत. शेवटी थोडा गूळ आणि चमचाभर व्हिनेगर. वाढताना वर बटाट्याची सली, म्हणजे काडेपेटीतल्या काडीहूनही बारीक कापून कुरकुरीत तळलेला बटाटा, मूठभर पसरतात. मावशी जर्दाळू भिजवतानाच त्या पाण्यात दालचिनीचा तुकडा टाकत असत आणि झाकण उघडले की तो वास आमच्या ओट्यापर्यंत येत असे. शाकाहारी घरात हाच मसाला लहान बटाटे आणि मटार यांना लावता येतो. मी तो श्रावणात करते आणि चवीत काही कमी पडल्याचे कोणी म्हणालेले नाही.

ताज्या फळाबद्दल एवढेच सांगेन, की झाडावरून लवकर उतरवलेला जर्दाळू घरी मऊ होतो, पण त्याचा गोडवा फारसा वाढत नाही. घेताना रंगापेक्षा वासावर विश्वास ठेवावा. देठाजवळ सुगंध नसेल तर ते फळ खाण्यासाठी घेऊ नये. पूर्ण पिकलेले फळ प्रवास सोसत नाही, म्हणून नाशिकपर्यंत येणारा माल बहुधा आधीच उतरवलेला असतो. आंबट निघालाच तर त्याचा मुरांबा करावा. किलोभर फोडींना पाऊण किलो साखर लावून रात्रभर ठेवावी आणि सकाळी शिजवावे. शिजवल्यावर तोच आंबटपणा मुरंब्याला तजेला देतो.

उत्तर : सिंधूकाठ

देवळालीच्या ताईंचे वाचून आणखी एक आठवले. सीरियात जर्दाळूचा गर पसरून, उन्हात वाळवून त्याची पातळ पोळी करतात. तिला ‘कमर अल-दीन’ म्हणतात आणि रमजानमध्ये ती पाण्यात विरघळवून सरबत करतात. आपल्या आंबापोळीची ही सख्खी बहीणच म्हणावी लागेल. मी भिजवलेल्या फाटिंगचा गर गाळून, तूप लावलेल्या ताटात पातळ पसरून एप्रिलच्या उन्हात तीन दिवस वाळवला होता. पोळी छान सुटली आणि वर्षभर टिकली. आणि नावाचे म्हणाल तर फारसीत जर्द म्हणजे पिवळा. ‘जर्दाळू’तला आणि ‘आलूबुखारा’तला आलू एकच, तो बटाटा नव्हे, फळ.

प्रश्नकर्ती : गोदाकाठची गृहिणी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पाव किलो जर्दाळू भिजत घातले आणि आज सकाळी ते पाणी घरातल्या सहाही जणांनी वाटी वाटी प्यायले; सासऱ्यांनी दुसऱ्यांदा मागितले. मीठा करताना साखर शेवटी घालायची सूचना मी नीट पाळली नाही. गर शिजण्याआधीच अर्धी वाटी घातली, त्यामुळे पदार्थ गरजेपेक्षा गोड झाला. उद्या त्यात साखर न घातलेला गर मिसळून तो सुधारून घेईन. बिया सासूबाईंनी आणि मी दार लावून फोडल्या. बेचाळीसपैकी पाच मगज कडू निघाले, ते टाकून दिले आणि बाकीचे गरम पाण्यात सोलून घेतले. ओल्या बदामाइतकेच पांढरे आणि त्याहून सुगंधी आहेत.

देवळालीच्या ताईंना एक विचारायचे आहे. रविवारी तुमच्या पद्धतीने बटाटे-मटार करणार आहे. त्यात व्हिनेगर नसेल तर लिंबू चालेल का, आणि चालत असेल तर ते गुळाबरोबर घालावे की गॅस बंद केल्यावर?

उत्तर : देवळाली कॅम्प

लिंबू चालेल, पण गॅस बंद केल्यावरच पिळावे, नाहीतर कडवटपणा येतो. सली मात्र अगदी वाढण्याच्या क्षणी घाला. रश्श्यात पाच मिनिटे राहिली तरी ती मऊ पडते.