मोगलाईतला थोरला भाऊ: कुलवृत्तांतात त्याच्या नावापुढे काय लिहावे?

सिद्धेश्वर पेठकर

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायला घेतला आहे आणि 1948 सालच्या पानावर काम अडले आहे. माझे आजोबा सोलापुरात गिरणीत कामाला होते आणि त्यांचे थोरले भाऊ नळदुर्गच्या पलीकडच्या एका गावी वतनी पटवारी होते. निजामाच्या मुलखाला आमच्याकडची जुनी माणसे अजून मोगलाईच म्हणतात. सोलापूर इंग्रजांकडे, नळदुर्ग-तुळजापूर निजामाकडे आणि मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, एवढेच दोघा भावांमधले अंतर होते. पगार निजामाच्या हाली रुपयांत मिळायचा आणि इकडे येताना सात हालींचे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, व्हायचे, याची कुरकुर सोडली तर त्या हद्दीचे कोणाला फारसे ओझे नव्हते.

ऑगस्ट 1947 नंतर निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला आणि त्या नाक्याचा अर्थच बदलला. आजोबा गिरणी सोडून निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कँपात दाखल झाले. त्यांच्या तुकडीने एका रात्री जे दप्तर जाळले, ते थोरल्या भावाच्या ताब्यातले होते. आजोबांचे सन्मानपत्र आज आमच्या दिवाणखान्यात आहे, थोरल्याचे मात्र छायाचित्रसुद्धा कोणी जपलेले नाही. माझे मत असे आहे की त्यांना ‘निजामाचा नोकर’ एवढ्या दोन शब्दांत निकालात काढणे अन्यायाचे होईल. पटवारकी त्यांनी निवडलेली नव्हती, ती वतनाने आली होती. ते रझाकारांत, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांत, कधीही गेले नाहीत. धाकटा भाऊ कँपात असताना त्याच्या लेकराबाळांसाठी ज्वारीची पोती त्यांनीच नाक्यावरून चोरून पाठवली, हे माझ्या आजीने स्वतः सांगितलेले आहे.

बार्शीकर

आपल्या आजीच्या शब्दावर मी शंका घेत नाही, पण ज्वारीच्या पोत्यांनी इतिहास झाकू नका. हद्दीपलीकडची माणसे डोक्यावर गाठोडी घेऊन आमच्या बार्शीत आली, तेव्हा त्यांना आसरा देणाऱ्या पिढीत माझे वडील होते. लातूरचा वकील कासीम रझवी 1946 मध्ये रझाकारांच्या मागे असलेल्या इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाचा अध्यक्ष झाल्यावर रझाकारांनी गावेच्या गावे कशी लुटली, हे त्या माणसांच्या तोंडून ऐकलेले आहे. अशा वेळी पटवाऱ्याचे दप्तर म्हणजे नुसती कागदांची चळत नव्हती. कोणाच्या शेतात किती पिकले आणि कोणाकडून किती धान्याची लेव्ही उचलायची, हे त्याच दप्तरावरून ठरत असे. म्हणूनच निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या माणसांनी त्याचा महसूल बुडवायला शिंदीची झाडे तोडली आणि दप्तरे जाळली. राजीनामा देऊन अंगावरच्या कपड्यांनिशी हद्द ओलांडणारेही होते. ज्याला सोलापुरात सख्ख्या भावाचे घर होते, त्याला तर ते इतरांपेक्षा सोपे होते. ‘वतनाने आली’ हा बचाव आपण करता, पण वतन सोडता येते.

मंगळवेढ्याचा मास्तर

दोघेही भांडणाचे मूळ जरा अलीकडे शोधत आहात. आमच्याकडे भीमेच्या काठी माचणूरजवळ ब्रह्मपुरीला 1695 ते 1699 या काळात औरंगजेबाची छावणी होती. त्या युद्धात कित्येक देशमुख घराण्यांनी एक भाऊ मराठ्यांकडे आणि एक मोगलांकडे ठेवला. कोणीही जिंकले तरी वतन घरातच राहावे, हा त्यातला हिशेब होता. पेठकरांच्या दोन भावांचेही तसेच ठरलेले नव्हते कशावरून? एकाने दप्तर जाळायचे, दुसऱ्याने ते जळू द्यायचे, आणि ज्वारी नाक्यावरून सुरळीत पोहोचवायची! मला यात कमीपणा दिसत नाही, उलट शहाणपण दिसते.

सिद्धेश्वर पेठकर

मास्तर, आपला तर्क चतुर आहे, परंतु आमच्या घरी तो टिकत नाही. तसे संगनमत असते तर दोघे नंतर भेटले असते. 1948 नंतर ते एकमेकांच्या दारात गेले नाहीत आणि थोरले वारले तेव्हा आजोबा नळदुर्गच्या एस.टी.त बसून अर्ध्या वाटेवरून परत आले.

बार्शीकरांना मात्र एक विचारतो. सरहद्दीच्या कोणत्या बाजूला माणूस उभा होता यावरूनच त्याची परीक्षा करायची, तर आपल्याच सोलापूरचे काय? इंग्रजांविरुद्धच्या आंदोलनातल्या मार्शल लॉ प्रकरणात 12 जानेवारी 1931 रोजी जे चौघे फासावर गेले, त्यांत मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा यांच्याबरोबर कुर्बान हुसेन होते. सतरा वर्षांनी त्याच शहरात नावावरून माणसाची बाजू ठरवली जाऊ लागली, हे आपल्याला खटकत नाही का?

बार्शीकर

खटकते, पण तो मुद्दा वेगळा आहे. मी थोरल्या भावाचा धर्म विचारला नाही, त्याची नोकरी विचारली. कुर्बान हुसेन यांनी सरकारी दप्तर सांभाळले नव्हते.

नळदुर्गची माहेरवाशीण

मी इतका वेळ वाचत होते. आपण सगळे त्या दप्तराच्या रात्रीशीच थांबला आहात. 13 सप्टेंबर 1948 ला सकाळी भारतीय फौज सोलापूरहून निघाली आणि त्याच दिवशी नळदुर्ग पडले. 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आमच्या भागात खरे विचारायचे प्रश्न त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहेत. रझाकारांनी जे केले त्याचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला, त्यांत रझाकार थोडे आणि साधे मुसलमान पिंजारी, विणकर, शेतमजूर जास्त होते. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने पाहणी करून सावध अंदाज दिला, तोच 27 ते 40 हजार मृत्यूंचा होता. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आमचा उस्मानाबाद होता. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. त्या आठवड्यांत धाकटे कोठे होते आणि थोरले कोठे होते, हे कुलवृत्तांतात लिहिणार आहात का? गावात कोण कोठे राहतो हे पटवाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्या माहितीचे त्यांनी काय केले, यावर माझे मत ठरेल. लेव्हीवरून किंवा सन्मानपत्रावरून ठरणार नाही.

बार्शीकर

सूड झाला हे मी नाकारत नाही. पण आधी काय घडले ते वगळून सूड सांगितला की ऐकणाऱ्याचा गैरसमज होतो, एवढे नोंदवतो. बाकी बाईंचा प्रश्न योग्य आहे, आणि तो धाकट्यालाही तितकाच लागू आहे.

सिद्धेश्वर पेठकर

चुलत घराण्यातल्या वयोवृद्ध आत्याबाईंना काल दूरध्वनी केला. त्या म्हणाल्या की त्या महिन्यात थोरल्यांच्या गोठ्यात पिंजाऱ्यांची चार माणसे लपलेली होती आणि गावातल्या काही जणांनी ते शोधून काढले. पुढे काय झाले ते त्या सांगत नाहीत. आजोबा त्या दिवसांत गावात आले होते का, असे विचारल्यावर त्यांनी ज्वारीच्या भावाची चौकशी केली.

मी नोंद अशी लिहिली आहे: ‘थोरले, मोगलाईत वतनी पटवारी. धाकट्या भावाच्या कुटुंबाला कठीण काळात धान्य पुरवले. 1948 मध्ये त्यांचे दप्तर जळाले. त्यानंतर दोघा भावांचा संबंध राहिला नाही.’ गोठ्याची हकिकत एकाच तोंडची असल्यामुळे ती घालण्याचा धीर होत नाही.

नळदुर्गची माहेरवाशीण

ज्वारीसुद्धा एकाच तोंडची आहे. ती घातलीत.

बार्शीकर

आणि ‘जळाले’ नव्हे, ‘जाळले’ असे लिहा. कोणी जाळले तेही लिहा.