अस्वलाला आधी कोणी ओळखले?

धागाकर्ता :
आपल्याकडच्या अस्वलाला शास्त्रीय नाव मिळाले ते १७९१ साली, आणि तेही चुकीचे. जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याच्या लांब नख्या आणि वरच्या जबड्यात नसलेले मधले दोन दात पाहून त्याला अमेरिकेतल्या, झाडाला उलटे लटकणाऱ्या स्लॉथच्या पंगतीत बसवले व ‘ब्रॅडिपस उर्सिनस’, म्हणजे अस्वलासारखा स्लॉथ, असे नाव दिले. त्याच वर्षी विदर्भातल्या एखाद्या गुराख्याला विचारले असते, तर त्याने क्षणाचाही विलंब न लावता ‘अस्वल’ म्हणून सांगितले असते. रामायणातला जांबवंत ऋक्षराज, म्हणजे अस्वलांचा राजा, आहे, त्याबद्दल कोणाला कधी शंका आली नाही. माझे मत असे की प्राणी आधी लोकांनी ओळखला. शास्त्र दात मोजत बसले.

प्रतिसाद १ :
साफ असहमत. नाव ठाऊक असणे म्हणजे प्राणी ओळखणे नव्हे. आमच्या गल्लीत दरवेशी यायचा. अस्वलाच्या नाकातून ओवलेली दोरी त्याच्या मुठीत असे, डमरू वाजला की ते बिचारे मागच्या पायांवर उभे राहून डुलायचे, आणि मग आयाबाया भीती जावी म्हणून पोरांना त्याच्या पाठीवर बसवून ताइतासाठी दोन केस मागून घ्यायच्या. एवढ्या जवळून पाहूनही त्याच्या तोंडात पुढे फट का आहे, हे कोणी विचारले नाही. तुम्ही ज्या दातांची थट्टा करता, त्यांच्यातच उत्तर आहे : वारूळ उकरल्यावर हे अस्वल नाकपुड्या मिटून घेते, ओठांची नळी करते आणि त्या फटीतून वाळवी ओढून घेते. शॉ यांचा निष्कर्ष चुकला, निरीक्षण चुकले नव्हते.

प्रतिसाद २ :
निरीक्षण अचूक असूनही शंभर वर्षे फसता येते, याचे उदाहरण म्हणजे पांडा. आर्मां डेव्हिड या फ्रेंच पाद्र्याने १८६९ मध्ये त्याला सरळ अस्वलांत घातले होते. पुढच्याच वर्षी मिल्न-एडवर्ड्स यांनी दात आणि हाडे तपासून त्याला तांबड्या पांडाच्या जवळ नेले. डेव्हिस यांनी १९६४ मध्ये सविस्तर शरीररचना मांडून त्याला अस्वलांत परत आणले, तरी वाद मिटला नाही. १९८५ मध्ये ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी रेणूंच्या पातळीवरचा पुरावा दिल्यावरच तो बराचसा शमला. चिनी भाषेत मात्र त्याच्या नावात अस्वल आणि मांजर दोन्ही आहेत, त्यामुळे लोकांनी ओळखले म्हणायचे की नाही, हे तुम्हीच ठरवा.

प्रतिसाद १ :
पण शास्त्राने चूक सुधारली, हा मुद्दा राहतोच. लोकसंस्कृती सुधारत नाही. कोआला हा कांगारूसारखा पिशवीवाला प्राणी आहे हे शाळेत शिकूनही आपण त्याला ‘कोआला बेअर’ म्हणतो, कारण तो टेडीसारखा दिसतो. किपलिंगने १८९४ मध्ये ‘जंगल बुक’मधल्या बालूला, म्हणजे मोगलीच्या गुरुजीला, झोपाळू तपकिरी अस्वल म्हटले. गोष्ट मध्य भारतातल्या सिवनीच्या जंगलातली, आणि भारतात तपकिरी अस्वल राहते ते हिमालयात. मेळघाटात जाणाऱ्याच्या डोक्यात तोच गोंडस गुरुजी असेल आणि समोर पिल्ले पाठीवर घेतलेली मादी आली, तर पंचाईत त्याचीच आहे.

धागाकर्ता :
बालूचा मुद्दा मान्य. कोआलाचा मात्र नाही, कारण त्याचे शास्त्रीय नाव ‘फास्कोलार्क्टस’, आणि त्याचा अर्थच पिशवीवाले अस्वल. ते नाव टेडी जन्मण्याच्या कितीतरी आधी शास्त्रज्ञांनीच ठेवले. आपल्या अस्वलाचेही तसेच झाले : प्रजाती (नावातला पहिला शब्द) बदलली तरी जातीचे (दुसऱ्या शब्दाचे) पहिले नाव टिकवायचे, या नियमामुळे ते आज ‘मेलर्सस उर्सिनस’ आहे, म्हणजे ‘अस्वलासारखे मध-अस्वल’. इंग्रजीत तर ते अजूनही ‘स्लॉथ बेअर’च आहे. त्याचे मराठीत ‘आळशी अस्वल’ करू पाहणाऱ्यांनी त्याला एकदा वारूळ फोडताना पाहावे.