व्याख्या पाठ आहे, पण शब्द वाक्यात चुकतो

प्रश्न
जीआरईसाठी (परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) रोज 30 इंग्रजी शब्द करतेय. कार्डाच्या पुढे शब्द, मागे मराठी अर्थ. वाचताना ओळखू येतात, पण रिकाम्या जागेत हमखास चुकतात. 'मिटिगेट' आणि 'अलीव्हिएट' दोन्हींपुढे 'कमी करणे' लिहिलंय. निवडायचं कसं?

प्रतिसाद 1
घोळ त्या 'कमी करणे'तच आहे. व्याख्या गिळू नका, फोडा: काय करायचं, कशाच्या बाबतीत करायचं, अट कोणती. 'कंडोन'समोर 'माफ करणे' लिहिलंत की फसलात. कृत्य गैर आहे, ते गैर आहे हे ठाऊक आहे, तरी चालू दिलं, असे त्याचे तीन तुकडे. म्हणून कंडोन हिंसेला, फसवणुकीला लागतं. माणसाला लागत नाही. मराठीत 'खपवून घेणे' त्याच्या सर्वांत जवळ.
तुमच्या जोडीचंही तेच. अलीव्हिएट वेदनेला, दारिद्र्याला, म्हणजे भोगत असलेलं हलकं करायला. मिटिगेट धोक्याला, नुकसानीला, परिणामांना. पुष्कळदा आधीच केलेली तजवीज.

प्रतिसाद 2
कोश बदला. लाँगमनच्या विद्यार्थी-कोशात व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात. कोबिल्ड (पहिली आवृत्ती 1987) तर अख्ख्या वाक्यात व्याख्या देतो, त्यामुळे कर्ता-कर्म आपसूक कळतं. अशा अवघड शब्दांना ही पद्धत फार उपयोगी.
रोज 30 जास्त होतात, 8 ते 10 पुरे. कार्ड उलटं करा: पुढे व्याख्या आणि गाळलेल्या जागेचं वाक्य, मागे शब्द. नुसतं ओळखणं वेगळं, आठवून काढणं वेगळं. उजळणी 1, 3, 7, 16 दिवसांनी. चुकलं तर पुन्हा 1 पासून.

प्रतिसाद 3
मिटिगेटशेजारी 'मिलिटेट'चं कार्ड ठेवा, दोन्हींची गल्लत होते. मिलिटेटनंतर वाक्यात 'अगेन्स्ट' येतं आणि अर्थ 'आड येणे'. 'सँक्शन'ची मात्र दोन कार्डं हवीत: मंजुरी देणे आणि निर्बंध लादणे. एकाच कार्डावर दोन्ही कोंबले तर एकच आठवतो.

प्रश्नकर्ती
'रेटिसेंट' फोडून पाहिला: माणूस, स्वतःबद्दलचं किंवा माहीत असलेलं, सांगायला नाखूष. बरोबर?

प्रतिसाद 1
अगदी बरोबर. 'लाजाळू' लिहिलं नाहीत हे फार चांगलं केलंत. लाज हे एक कारण असू शकतं, अट नव्हे. कार्डावर शब्दानंतर 'अबाउट' तेवढं जोडा.