अनुभव धागा: आधी 'ओरॅकल ऑफ सीझन्स' की 'ओरॅकल ऑफ एजेस'?

निन्टेंडोच्या 'झेल्डा' या व्हिडिओ गेम मालिकेतले हे दोन जुळे खेळ २००१ साली हातात धरून खेळायच्या गेम बॉय कलर या यंत्रावर एकाच दिवशी आले. बनवले कॅपकॉमच्या फ्लॅगशिप स्टुडिओने. मुळात तीन खेळांचा बेत होता, तिसरा रद्द झाला. एक खेळ संपवला की कोड मिळतो. तो दुसऱ्यात घातला की गोष्ट पुढे चालू राहते आणि खरा शेवट तेव्हाच दिसतो. २०२३ पासून दोन्ही निन्टेंडोच्या स्विच या यंत्राच्या ऑनलाइन वर्गणीत आहेत, त्यामुळे बरेच जण नव्याने सुरू करताहेत आणि पहिला प्रश्न हाच विचारतात. तुम्ही कोणता आधी खेळलात, का, आणि आता कोणाला काय सांगाल? दोन ओळीही चालतील. कथा उघड होणार, तेव्हा बेताने वाचा.

न्यू जर्सीहून

सीझन्स आधी, डोळे झाकून. मी शाळेत होतो तेव्हा भावाकडे एक आणि माझ्याकडे एक अशी वाटणी होती, आणि सीझन्स माझ्या वाट्याला आला याचा मला आजही आनंद आहे. त्यात झाडाच्या बुंध्यावर उभं राहून ऋतूंचा दंड फिरवायचा. हिवाळा केला की तळं गोठतं आणि त्यावरून चालत पलीकडे जाता येतं. उन्हाळ्यात कड्यावर वेली चढतात, त्या धरून वर जायचं. वसंतात एक फूल तुम्हाला उचलून वरच्या कड्यावर फेकतं. ही जागा कुठल्या ऋतूत उघडेल, एवढाच विचार करायचा. बाकी तलवार चालवायची. पहिल्या 'झेल्डा'तले अ‍ॅक्वामेंटस, ग्लीओक असे राक्षसही इथे भेटतात. नवख्याचा हात यातच बसतो.

एजेस डोक्याचा खेळ आहे. त्यात भूतकाळ आणि वर्तमान यांत ये-जा करायची. भूतकाळात रोप सरकवून ठेवायचं, वर्तमानात त्याची वेल झालेली असते. सातव्या तळघरात, जाबू-जाबू या प्रचंड माशाच्या पोटात, पाण्याची पातळी वरखाली करत मजल्यामजल्यांतून वाट काढायची. ते कोडं सुटल्यावरचं समाधान फार मोठं आहे, पण त्याआधी हाताला सवय हवी.

एजेसवाली, नाशिक

मी वरच्या मताशी अजिबात सहमत नाही, आणि कारण कोड्यांचं नाही, गोष्टीचं आहे. एजेसमध्ये राणी अँबी भूतकाळात एक उंच मनोरा बांधते आहे. समुद्रावर गेलेल्या प्रियकराला तो लांबून दिसावा आणि त्याला परतीची वाट सापडावी म्हणून. खलनायिका व्हेरान तिच्या त्या वाट पाहण्याचाच फायदा उठवते. हे सगळं मनात घेऊन मी सीझन्स सुरू केला आणि जमिनीखालच्या सुब्रोसियात चाच्यांचा कप्तान भेटला. हाडांचा सापळा झालेला, समुद्राकडे परत जायची आस धरून बसलेला. अँबीचा प्रियकर हाच, हे कळलं आणि मी यंत्र खाली ठेवलं. उलट क्रमाने खेळलं तर आधी नुसता एक गमतीशीर सांगाडा दिसतो आणि त्याचं दुःख नंतर समजतं. मला ते आधी माहीत असलेलं बरं वाटलं. ज्याला गोष्टीसाठी खेळायचं आहे त्याने एजेस आधी घ्यावा. कोडी अवघड आहेत हे खरं, पण घाई कोणाला आहे?

म्युनिक

सीझन्स, मग एजेस. जलपरीचा पोशाख मिळाल्यावर पोहताना दर वेळी हात मारायला बटण दाबावं लागतं, अंगठा भरून येतो. तो त्रास शेवटाकडेच असावा.

लेकीबरोबर खेळणारी आई, ठाणे

आम्ही सीझन्सने सुरुवात केली, पण माझ्या मते खरी मजा दोन्हींत असलेल्या एका घरात आहे. तिथे बिपिन आणि ब्लॉसम हे जोडपं राहतं (हो, बिपिनच! लेकीला तो आमच्या बिल्डिंगमधलाच वाटला). त्यांच्या बाळाचं नाव तुम्ही ठेवायचं. डॉक्टरसाठी किती पैसे द्यायचे ते ठरवायचं. पुढे आई विचारते, हा झोपत नाही, गाणं म्हणू की खेळवू? लेकीने 'गाणं' निवडलं आणि झोपेपर्यंत स्वतःच एक म्हटलं. ते मूल कोडाबरोबर दुसऱ्या खेळात येतं, मोठं झालेलं, आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे घडलेलं. कांगारू, सरड्यासारखा डोडोंगो किंवा उडणारं अस्वल यांतला जो सोबती पहिल्यात मिळाला, तोही बरोबर येतो. म्हणून मी सांगेन, जो खेळ तुम्ही रमतगमत खेळाल तो आधी घ्या. धावतपळत संपवलात तर पुढे न्यायला काही उरत नाही.

पुणे, पुन्हा खेळणारा

वरच्या सगळ्यांना जोड: दुसरा खेळ जोडून खेळलात की तीनऐवजी चार हृदयांनी (म्हणजे जास्त जीवाने) सुरुवात होते, त्यामुळे अवघड एजेस दुसरा ठेवणं सोयीचं पडतं. ट्विनरोव्हा आणि गॅनन हे शेवटचे शत्रू मात्र कुठल्याही क्रमाने शेवटी उभे असतातच. कोड वीस चिन्हांचा असतो, त्यात लहान-मोठी इंग्रजी अक्षरं आणि बदाम, इस्पिक अशी पत्त्यांची चिन्हंही येतात. नुसता कागदावर उतरवू नका, पडद्याचा फोटोही काढा. नवीन फाइल उघडताना 'सीक्रेट' हा पर्याय निवडा आणि तिथे तो भरा.