युरोपीय म्हणजे नक्की काय?

युरोपीय पासवर्ड मॅनेजर (आपले सगळे पासवर्ड एका तिजोरीत सांभाळणारं ॲप) कुठला, या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की बिटवॉर्डन या मॅनेजरचा युरोपातला सर्व्हर निवडला की तो युरोपीयच झाला. तसं नाही हो. कंपनी अमेरिकेचीच राहते, आणि तिथल्या २०१८ च्या क्लाउड कायद्याने तिच्याकडचा डेटा परदेशातूनही मागवता येतो. अर्थात तिजोरी एन्क्रिप्टेड (सांकेतिक रूपात कुलूपबंद), त्यामुळे हाती लागेल ती गिचमिडच.

प्रोटॉन पास हा दुसरा मॅनेजर जिनिव्हाचा (स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, हेही आलंच). मला आवडलं ते हे, की तो साइटचे पत्तेसुद्धा एन्क्रिप्ट करतो. २०२२ मध्ये लास्टपास या मॅनेजरकडून डेटाची चोरी झाली तेव्हा पासवर्ड कुलुपात होते, पण पत्ते उघडे! तुमचं खातं कुठल्या बँकेत, हे चोराला आयतंच कळलं.

मी स्वतः कीपासएक्ससी या मॅनेजरवर आहे. फुकट, आणि सगळी एकच फाइल आपल्यापाशी. त्रास एवढाच की मध्यंतरी एक पासवर्ड फोनवर बदलला, दुसरा लॅपटॉपवर, आणि दोन वेगळ्या फायली होऊन बसल्या. 'मर्ज' (दोन्ही एकत्र) केल्यावर जुळलं. ती फाइल उघडणारा मास्टर पासवर्ड मात्र कागदावर लिहून आईच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवलाय.