सरकत्या पट्ट्यावरचं विमान: उडणार की जागच्या जागी राहणार?

उत्तरवारा (धागाकर्ता)

हे कोडं वीसेक वर्षं जगभर फिरतंय आणि अजूनही चांगली शिकली-सवरलेली माणसं त्यावरून हमरीतुमरीवर येतात. कोडं असं:

धावपट्टीइतका लांब-रुंद सरकता पट्टा आहे, त्यावर एक प्रवासी विमान उभं आहे. विमान ज्या वेगाने पुढे जाईल त्याच वेगाने पट्टा उलट, म्हणजे विमानाच्या शेपटीच्या दिशेने, सरकेल. वैमानिकाने इंजिनं पूर्ण जोरात केली. विमान उडेल का?

माझं मत स्पष्ट आहे: उडेल. नेहमीच्या धावपट्टीवर जेवढं धावावं लागतं, जवळपास तेवढंच धावून उडेल.

मोटारीचं इंजिन चाकं फिरवतं, चाकं रस्ता मागे रेटतात आणि रस्ता गाडीला पुढे ढकलतो. म्हणून पट्टा जेवढा मागे पळतो तेवढी मोटारीची चाल कमी होते. विमानाच्या चाकांना इंजिन जोडलेलंच नसतं. इंजिन हवा मागे फेकतं आणि तिच्या प्रतिक्रियेने विमान पुढे जातं. पट्ट्याने कितीही जोर केला तरी त्या हवेशी त्याचा संबंध नाही. चाकं बेअरिंगवर मोकळी फिरतात, ती दुप्पट वेगाने फिरतील.

आकडे घेऊ. एअरबस ए३२० भरलेलं असताना साधारण ७८ टनांचं. दोन इंजिनांचा मिळून रेटा अंदाजे २४० किलोन्यूटन. चाकं गडगडताना होणारा विरोध वजनाच्या दीड टक्का धरला तर तो येतो साडेअकरा किलोन्यूटन. वेग वाढला म्हणून हा विरोध फार वाढत नाही, पण तुमच्या समाधानासाठी तो दुप्पट करा, २३ होईल. २४० मधून २३ गेले. विमान का थांबेल?

आणि हे कागदावरचं नाही. 'मिथबस्टर्स' या अमेरिकन कार्यक्रमात ३० जानेवारी २००८ ला दाखवलेला प्रयोग हाच होता. लांबलचक कापडावर अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलकं छोटं विमान, आणि ते कापड उलट दिशेला ओढणारा पिकअप ट्रक. विमान उडालं. ते उडवणाऱ्या वैमानिकालासुद्धा ते जागचं हलणार नाही असं वाटत होतं.

---

सरळरेषा

असहमत. पंखांवरून हवा वाहिली तरच लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारं बल, मिळते, यात वाद नाही ना? मग पट्ट्याचं कामच मुळी विमानाची पुढची चाल खोडून काढण्याचं आहे. विमान एक पाऊल पुढे, पट्टा एक पाऊल मागे. बाहेर उभं राहून पाहणाऱ्याला विमान जागेवर दिसणार. जागेवरच्या विमानाच्या पंखांवरून वारा वाहत नाही, लिफ्ट शून्य, विषय संपला.

ट्रकच्या प्रयोगाबद्दल: ट्रकवाला विमानाचा वेग क्षणोक्षणी मोजून त्याप्रमाणे आपला वेग बदलत नव्हता. तो एका ठरलेल्या वेगाने कापड ओढत गेला. कोड्यातला पट्टा विमानाचा वेग अचूक गाठणारा आहे. हलक्या विमानाखालून कापड ओढून त्या आदर्श पट्ट्याबद्दल काही सिद्ध होत नाही.

---

रामप्रहर

मलाही उडेल असंच वाटतं, पण कारण वेगळं आहे. इंजिन इतकी हवा ओढतं की ती पंखांवरूनच जाते. विमान जागेवर असलं तरी लिफ्ट मिळेल.

---

उत्तरवारा

@रामप्रहर, उत्तर बरोबर, कारण चुकीचं. ए३२०ची इंजिनं पंखाखाली टांगलेली असतात. पुढून घेतलेली हवा ती मागे फेकतात, पंखाच्या पाठीवरून तिचा प्रवाह जात नाही. पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) विमानात पंखाच्या आतल्या भागावर थोडा झोत येतो, आणि सोव्हिएत काळातल्या अँटोनोव्ह ए.एन.-७२ ची इंजिनं मुद्दाम पंखावर बसवलेली होती, झोत पंखावरून जावा म्हणून. तरीही त्याला धावपट्टीवर धावावंच लागतं. विमान उडायला हवेच्या तुलनेत ते पुढे जायलाच हवं.

@सरळरेषा, "पट्टा विमानाची चाल खोडून काढतो" हे वाक्य तुम्ही तीनदा वाचा. कशाने खोडतो? विमानाला मागे ओढायचं तर पट्ट्याने विमानावर बल लावायला हवं. ते बल चाकांतून यायचं. चाकं मोकळी आहेत. दोन वेग सारखे आहेत म्हणून दोन बलं सारखी होत नाहीत.

---

तिसरी_घंटा

मी भौतिकशास्त्र शिकवते. हे कोडं दरवर्षी अकरावीच्या वर्गात मांडते आणि वर्ग हमखास दुभंगतो. यंदा मुलांनी फळ्यावर भांडण्यापेक्षा हाताने करून पाहावं म्हणून जवळच्या जिममध्ये नेलं.

स्केटबोर्डवर वजनाच्या दोन चकत्या ठेवल्या. बोर्डाच्या पुढच्या टोकाला दोरी, दोरीला सामान मोजायचा हुकवाला डिजिटल काटा, आणि काटा ट्रेडमिलच्या समोरच्या दांडीला बांधला. म्हणजे बोर्ड जागेवर आणि पट्टा त्याखालून मागे. काटा सांगणार, पट्टा बोर्डाला किती जोराने मागे ओढतोय.

हळू चालवला, काट्यावर एक छोटा आकडा आला. वेग तिप्पट केला. मुलांची खात्री होती की आकडाही तिप्पट होणार. आकडा जवळजवळ तिथेच राहिला. पण एक गोष्ट मुलांनीच टिपली: वेग वाढवण्याचं बटण दाबताना, पट्टा वेग घेत असतो तेवढा वेळ, काट्यावरचा आकडा वर जातो. वेग स्थिर झाला की परत खाली येतो. एक मुलगी काट्याला नाक लावून बसली होती आणि "मॅडम, आत्ता! आत्ता वाढला!" असं ओरडत होती.

पट्ट्याच्या वेगाने बोर्ड ओढला जात नाही. ओढला जातो तो पट्ट्याच्या वेगात बदल होताना, कारण तेव्हा चाकांना जास्त जोरात फिरायला लावावं लागतं आणि चाकांचं जडत्व त्याला विरोध करतं. मूळ लेखातल्या पट्ट्याचा वेग विमानासोबत हळूहळू वाढतो, त्यामुळे ही ओढ अगदी किरकोळ. विमान उडणार.

---

शब्दशः

मॅडमचा प्रयोग फार आवडला, आणि त्यातूनच माझा मुद्दा निघतो. धागाकर्त्यांनी कोड्याचं सोपं रूप दिलंय. मी जे रूप आधी वाचलं होतं त्यात "पट्टा चाकांच्या वेगाइतक्याच वेगाने उलट सरकतो" असं आहे. विमानाच्या नाही, चाकांच्या. हा फरक लहान नाही.

या रूपात पट्टा विमानाला खरंच थांबवू शकतो. स्थिर वेगाने नाही, सतत वेग वाढवत राहून. हिशेब करतो. ए३२०ची सगळी चाकं मिळून एक टनाची धरा आणि ती भरीव तबकड्या आहेत असं समजा. विमान जागेवर ठेवायचं तर पट्ट्याने चाकांवर २४० किलोन्यूटनची मागे ओढ लावली पाहिजे. भरीव तबकडीसाठी त्याकरता लागणारं पट्ट्याचं त्वरण येतं दर सेकंदाला ४८० मीटर प्रति सेकंद, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ४९ पट. कोरड्या पृष्ठभागावर घर्षण तेवढं बल पेलू शकतं, ७८ टनांखाली ते ५०० किलोन्यूटनच्याही वर जातं. म्हणजे चाकं घसरणार नाहीत.

असा पट्टा कोणी बांधू शकणार नाही. पण कोड्यात पट्टा आदर्शच आहे. मग उत्तर: उडणार नाही.

---

सरळरेषा

हेच मी म्हणत होतो. कोड्यातल्या अटीप्रमाणे पट्टा जे करायचं ते करतो, आणि अट पाळली तर विमान जागेवर. "असा पट्टा असू शकत नाही" हे उत्तर नव्हे. बिनघर्षणाची दोरी आणि बिनवजनाची कप्पी आपण शाळेपासून मान्य करत आलोय, इथेच का आक्षेप?

---

उत्तरवारा

नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता. तुमचा दावा होता की विमान एक पाऊल पुढे आणि पट्टा एक पाऊल मागे, म्हणून विमान जागेवर. @शब्दशः यांचा हिशेब नेमकं उलट सांगतो: वेग सारखे करून काहीच होत नाही, पट्ट्याला ४९ जी ने पळत सुटावं लागतं. माझ्या मूळ कोड्यातल्या पट्ट्याचं त्वरण विमानाइतकंच, दर सेकंदाला अडीच मीटर प्रति सेकंदच्या आसपास. चाकांना त्याच्या दुप्पट, पाचने वेग घ्यावा लागतो. त्याच एक टन चाकांवर त्याची ओढ येते अडीच किलोन्यूटन. २४० समोर अडीच.

आणि "चाकांच्या वेगाइतका" या अटीवर माझा खरा आक्षेप आहे. पट्ट्यावरून न घसरता गडगडणाऱ्या चाकाचा वेग म्हणजे विमानाचा वेग अधिक पट्ट्याचा वेग. तो पट्ट्याच्या वेगाइतका आहे असं म्हटलं की विमानाचा वेग शून्य, हे बेरीज-वजाबाकीनेच ठरतं. म्हणजे कोडं घालणाऱ्याने उत्तर अटीत भरलं आणि मग विचारलं, "विमान हलेल का?" बिनघर्षणाच्या दोरीत असं काही नसतं. तिथे अट दिल्यावरही उत्तर शोधावं लागतं.

शिवाय तो पट्टा जरा ओला झाला, घर्षणगुणांक पाव इतका उतरला, की चाकांवर १९० किलोन्यूटनच्या वर ओढ येऊच शकत नाही. रेटा २४०. चाकं घसरतील आणि विमान पुढे निघेल, पट्टा काहीही करो.

---

हँगरवाला

विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलंय. तुम्ही सगळे चाकांबद्दल बोलताय, पण टायरकडे कोणी बघितलं नाही.

ए३२०च्या मुख्य टायरवर वेगमर्यादा लिहिलेली असते, ताशी २२५ मैल, म्हणजे ३६० किलोमीटरच्या जरा वर. उड्डाणाच्या वेळी नाक उचलतात तेव्हा वेग साधारण २६० ते २८०. धागाकर्त्यांच्या पट्ट्यावर चाकं दुप्पट वेगाने फिरणार, म्हणजे ५२० ते ५६०. कोणताही टायर कंपनीवाला याची हमी देणार नाही.

टायरचा व्यास १.१७ मीटर. मर्यादेच्या वेगालाच, सेकंदाला १०० मीटरला, ट्रेडवरचा एक ग्रॅम रबर बाहेरच्या बाजूला पावणेदोन किलोसारखी ओढ घेतो. ५४० वर तीच ओढ जवळपास चार किलोची. आत २०० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला २०० पौंड दाबाच्या) आसपास नायट्रोजन. ट्रेड सुटून उडाला तर तो पंखाच्या खालच्या बाजूवर, फ्लॅपवर, इंजिनात, कुठेही जातो. जुलै २००० मध्ये पॅरिसहून निघालेल्या काँकॉर्डचा टायर धावपट्टीवरच्या धातूच्या पट्टीने फुटला आणि त्याच्या तुकड्याने पंखातल्या इंधनाच्या टाकीला धक्का दिला. पुढे विमान पेटून कोसळलं, ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून टायरचा विषय मी बाजूला ठेवू देणार नाही.

@शब्दशः यांच्या पट्ट्यावर तर टायरची मर्यादा सेकंदाच्या पाचव्या भागात ओलांडली जाते. विमान जागेवर राहील हे खरं, पण टायर राहणार नाहीत. नंतर ७८ टन रिमवर.

माझं मत: सेस्ना १७२ हे छोटं विमान उडेल. ती ताशी १०० च्या आसपास उचलते, चाकं २०० ला फिरतील, तेवढ्यात ती हवेत असेल. भरलेलं ए३२० मी त्या पट्ट्यावर सोडण्याच्या कागदावर सही करणार नाही.

---

तिसरी_घंटा

टायरचा मुद्दा मी पुढच्या वर्गात नक्की घेणार.

एक भर घालते. वैमानिक उड्डाणाचा निर्णय चाकांच्या वेगावरून घेत नाही. नाकाजवळची पिटो नळी समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजते, त्यावरून हवेतला वेग कळतो आणि त्याच वेगावर नाक उचललं जातं. म्हणूनच विमानं वाऱ्याकडे तोंड करून उडतात. मुंबईत समुद्रावरून पश्चिमेचा वारा असला की मुख्य धावपट्टी पश्चिमेकडे तोंड करून वापरतात, आणि विमानवाहू जहाज विमान सोडताना वाऱ्याच्या दिशेने तोंड करून पूर्ण वेगाने निघतं. आता बघा, आपला तीन किलोमीटर लांबीचा पट्टा शेपटीकडे धावताना जमिनीलगतची हवाही स्वतःसोबत मागे ओढणार. विमानासाठी तो समोरून येणारा वारा. म्हणजे पट्टा विमानाला अडवण्याऐवजी किंचित मदतच करेल.

---

सरळरेषा

जमिनीलगतचा थर किती उंच, पंख किती उंचीवर, याचा हिशेब दिल्याशिवाय ही मदत मी धरणार नाही. आणि माझी भूमिका कायम: आदर्श पट्टा आणि अट शब्दशः, तर विमान जागेवर. टायर फुटणं आणि पट्टा ओला होणं या कोड्याबाहेरच्या गोष्टी आहेत.

---

रामप्रहर

मग उतरताना काय? तोच पट्टा, विमान हवेतून येऊन त्यावर टेकतंय. तिथेही पट्ट्याला काही किंमत नाही?

---

हँगरवाला

उतरताना आहे, आणि मोठी आहे. कारण तिथे ब्रेक लागतात. ब्रेक दाबले की चाक मोकळं राहत नाही, आणि ब्रेक विमानाचा वेग जमिनीच्या तुलनेत नाही, चाकाखालच्या पृष्ठभागाच्या तुलनेत कमी करतात. पट्टा विमानाच्याच दिशेने २५० ने पळत असेल तर टेकताना टायरमधून धूरही निघणार नाही, चाकं फिरायचीच नाहीत, पण ब्रेक दाबून उपयोग शून्य. विमान पट्ट्यासोबत २५० ने जातच राहील. मग भिस्त फक्त इंजिनांच्या उलट रेट्यावर आणि पंखांवरच्या, हवा अडवणाऱ्या स्पॉयलरवर. पट्टा समोरून येत असेल तर ब्रेक धरतील, पण डिस्कला दुप्पट वेगाने फिरणारं चाक आवरायचंय. तेवढ्या उष्णतेने रिममधले फ्यूज प्लग वितळतात आणि टायरमधली हवा सुटते. ते फुटण्यापेक्षा बरं, प्लग त्यासाठीच दिलेले असतात.

उड्डाणाच्या कोड्यातही वैमानिक पार्किंग ब्रेक सोडायला विसरला असं धरा. मग विमानाची वाट न बघता पट्टा आपणहून सुरू झाला, तर विमान त्याच्यासोबत सरळ मागे जाईल.